‘ऑथेल्लो’ बसवतोय, आणि लोक विचारतात: सरळ बायकोलाच का विचारत नाही?

तालीम_रामबाग (इंदूर)

नमस्कार मंडळी. आमच्या रामबागेतल्या हौशी मंडळाने यंदा शेक्सपिअरचं ‘ऑथेल्लो’ धरलंय. ज्यांना गोष्ट माहीत नाही त्यांच्यासाठी: व्हेनिसच्या फौजेचा काळा, परका सेनापती ऑथेल्लो याच्या मनात हाताखालचा इयागो भरवतो, की तुझ्या बायकोचं, डेस्डिमोनाचं, कॅसिओ या अधिकाऱ्याशी सूत आहे. पुरावा म्हणून तिचा रुमाल पुढे येतो, आणि शेवटी ऑथेल्लो तिला मारतो. संहिता आम्हीच मूळ इंग्रजीवरून बेतली, मध्यंतरासकट अडीच तासांत बसवली. माणसांची नावं, व्हेनिस, सायप्रस सगळं होतं तसं ठेवलं. तालमी रात्री आठनंतर असतात, कारण इयागो करणारा मुलगा दवा बाजारात एका घाऊक दुकानाचे हिशेब बघतो आणि त्याआधी त्याची सुटका होत नाही. ऑथेल्लो बँकेतले, पन्नाशीला आलेले, आवाज असा की माइक लागू नये. डेस्डिमोना एम.ए.ला आहे. दिवसभर राबून ही माणसं येतात आणि पाठांतर चोख करून येतात. त्यांच्यासाठी तरी हे नाटक नीट उभं राहायला हवं असं मला फार वाटतं.

अडचण आहे तिसऱ्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशाची. मागच्या रविवारी घरच्या लोकांना बोलावून सलग तालीम दाखवली. पहिले दोन अंक सगळे टक लावून बघत होते. मग इयागो कान भरायला लागला, आणि मागच्या खुर्चीवरून एक कॉलेजातला मुलगा अगदी मनापासून म्हणाला, “भिया, सीधे बीवी से पूछ क्यों नहीं लेता?” त्याला कुणी गप्प केलं नाही. माझ्या शेजारी बसलेल्या आजींनीही मान डोलावली. तेव्हापासून आमच्या ऑथेल्लोंचाच धीर सुटलाय. काल मला म्हणाले, “ताई, एवढा रणांगणं गाजवलेला माणूस, आणि एका बैठकीत त्याचा बायकोवरचा विश्वास उडतो. मलाच पटत नाही तर मी लोकांना काय पटवणार?”

मी प्रवेश संथ करून पाहिला, मोठमोठे विराम दिले. उलट लोकांना विचार करायला आणखी वेळ मिळाला. कार्यकारिणीतले एकजण म्हणतात, रुमालाच्या जागी मोबाईल आणि त्यावरचे मेसेज आणा, आजच्या मुलांना पटेल. मला ते नको आहे. ऑथेल्लो मूर्ख दिसला तर डेस्डिमोनाचं मरण वाया गेलं असं मी मानते. एका मूर्खाच्या हातून एक मुलगी मेली, एवढंच घेऊन लोक घरी जातील.

ज्यांनी हे नाटक केलंय, शिकवलंय किंवा जवळून पाहिलंय त्यांनी सांगा. हा माणूस एका प्रवेशात का कोसळतो, आणि ते रंगमंचावर दिसावं कसं?

---

लष्करवाला (ग्वाल्हेर)

ताई, मी कॉलेजात असताना इयागो केला, आणि पुढे नोकरी लागल्यावरही एकदा केला. त्या भूमिकेच्या बाजूने सांगतो.

हा प्रवेश काढा आणि इयागोची फक्त वाक्यं वाचा. पहिल्या भागात तो आरोप करतच नाही. कॅसिओ डेस्डिमोनाशी बोलत असतो आणि ऑथेल्लो येताना दिसताच निघून जातो. दारू पिऊन मारामारी केली, हुद्दा गेला, साहेबांना तोंड दाखवायची लाज वाटते, म्हणून जातो. इयागो स्वतःशीच पुटपुटतो, “हं, हे काही बरं नाही.” ऑथेल्लो विचारतो, काय म्हणालास? “काही नाही. म्हणजे... काही नाही.” तो कॅसिओच होता ना? “कॅसिओ? छे, तुम्हाला बघून तो असा चोरासारखा कशाला सटकेल?”

झालं, एवढंच. कॅसिओ खरोखर घाईने गेला होता. ते ऑथेल्लोने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. इयागोने त्यात काही घातलं नाही, फक्त ते कसं पाहायचं हे दाखवलं.

मग तो विचारतो, तुमचं जमत होतं तेव्हा कॅसिओला ठाऊक होतं का? ऑथेल्लो म्हणतो, होतं की, आमच्यात ये-जा तोच करायचा. “असं?” बास, नुसतं “असं?” आणि इथून पुढे चौकशी कोण करतं ते बघा. ऑथेल्लो करतो. का विचारलंस, मनात काय आहे, बोल, दडवू नकोस. इयागो टाळतो, त्याचेच शब्द त्याला परत देतो, माझे विचार वाईटही असतील म्हणतो, माझं ऐकू नका म्हणतो. वर सांगतो की मत्सरापासून जपा, ते हिरव्या डोळ्यांचं भूत ज्याला खातं त्याचीच थट्टा करतं. म्हणजे ज्या खड्ड्यात ढकलायचंय त्याच्या काठावर धोक्याची पाटीही हाच लावतो.

आता ऑथेल्लोच्या जागी उभे राहा. हा सेनापती आहे. हाताखालचा प्रामाणिक माणूस वाईट बातमी द्यायला कचरतोय, आणि ती त्याच्याकडून काढून घ्यायची, हे त्याचं आयुष्यभराचं काम आहे. रणांगणावर याच सवयीने तो जगला. तीच सवय घरात आणली आणि मेला. तो मूर्ख नाही. आपलं काम तो नको त्या ठिकाणी उत्तम करतोय.

करून बघण्यासारखी एक गोष्ट सांगतो. याच्या आधीच्या छोट्या प्रवेशात ऑथेल्लो सिनेटला पत्रं पाठवतो आणि तटबंदी बघायला निघतो. बहुतेकजण तो प्रवेश कापतात. तुम्ही ठेवा. मग तिसऱ्या प्रवेशात टेबलावर तटबंदीचे कागद असू देत आणि दोघं ते उलगडून काम करत बसू देत. इयागो बोलताना कागदाकडे बघेल, ऑथेल्लो इयागोकडे बघेल. विराम फक्त इयागोचे. ऑथेल्लोने एकही विराम घ्यायचा नाही, त्याने दर वेळी पुढचा प्रश्न घाईने टाकायचा. इयागोने चेहऱ्यावर कावेबाजपणा आणला की प्रवेश फसला. त्याने खरंच अवघडून बोलायचं. कावा आहे हे प्रेक्षकांना पहिल्या अंकापासून ठाऊक आहे, ते पुन्हा दाखवायची गरज नाही.

---

तालीम_रामबाग (इंदूर)

तटबंदीचे कागद! तो प्रवेश आम्ही खरंच कापला होता. परत घालते. विराम मी दोघांना वाटून दिले होते, तेही आता बदलते.

पण एक राहतंच. इयागो निघून गेल्यावर ऑथेल्लो एकटा असतो, समोर डेस्डिमोना येते. तेव्हा तरी त्याने विचारायला नको का? ती समोर उभी आहे.

---

निवृत्त_प्राध्यापक (इंदूर)

ताई, मी इथल्याच एका कॉलेजात बरीच वर्षं इंग्रजी साहित्य शिकवलं. तुम्ही विचारलेली जागा मला सगळ्या नाटकात सर्वांत प्रिय आहे, म्हणून थोडं लांबण लावतो.

ती समोर येते आणि जेवायचं बोलावते. पाहुणे खोळंबलेत. तो म्हणतो, कपाळ दुखतंय. त्यात एक जुना डंख आहे. बायको फितूर झाली की नवऱ्याच्या कपाळाला शिंगं फुटतात, ही त्या काळच्या युरोपातली घरोघरची थट्टा होती. डेस्डिमोनाच्या ते ध्यानीमनीही नाही. ती आपला रुमाल काढून त्याचं डोकं बांधायला जाते. तो म्हणतो, तुझा रुमाल लहान आहे, आणि बाजूला सारतो. रुमाल खाली पडतो. तो म्हणतो, राहू दे. दोघं जेवायला जातात.

ज्या रुमालासाठी पुढे तो तिचा जीव घेतो, तो त्याच्याच हाताने पडला, आणि त्यानेच “राहू दे” म्हटलं. ती त्याचं डोकं बांधत होती तेव्हा पडला. शेक्सपिअरला ही कथा जिराल्दी चिंथिओ या इटालियन लेखकाच्या १५६५च्या कथासंग्रहातून मिळाली. तिथे तो खलनायक आपली लहान मुलगी डेस्डिमोनाच्या कडेवर देतो आणि ती बाळाला खेळवत असताना रुमाल काढून घेतो. सरळ चोरी. शेक्सपिअरने चोरी काढून टाकली आणि तिच्या जागी बायकोची माया ठेवली. म्हणून तुमच्या नटांना एवढंच सांगा, की रुमाल पडतो त्या क्षणी दोघांचंही लक्ष रुमालाकडे नसावं. लक्ष एकट्या प्रेक्षकाचं असावं.

चिंथिओकडे आणखी एक गोष्ट होती, शेक्सपिअरने तीही मोडली. तिथे खलनायकाचं डेस्डिमोनावरच मन असतं, ती ढुंकून बघत नाही म्हणून तो उलटतो. सरळ कारण. इथे इयागो कारणं बदलत राहतो. कधी बढती कॅसिओला गेली म्हणतो. कधी म्हणतो, लोक बोलतात की ऑथेल्लोने माझ्या बायकोशी संधान बांधलं. आणि लगेच पुढे, पहिल्या अंकाच्या शेवटी: ते खरं आहे की नाही मला माहीत नाही, पण नुसत्या संशयावर मी खात्री असल्यासारखाच वागेन. हे वाक्य कापलं असेल तर आधी परत घाला. मत्सराचा पहिला रोगी इयागो आहे. त्यानेही खातरजमा केलेली नाही. तुमच्या त्या कॉलेजातल्या मुलाचा प्रश्न पहिल्या अंकात इयागोला लागू होतो, आणि तिथे तो कुणीच विचारत नाही, कारण तिथे अजून कुणी मरणार नसतं. इयागोला जे झालंय तेच तो ऑथेल्लोला लावतो.

आता वेळेचं. तुम्ही संथपणा आणलात तेव्हा लोकांनी विचार केला, हे अगदी साहजिक आहे. हिशेब मांडला तर या नाटकात व्यभिचाराला वेळच नाही. व्हेनिसहून निघताना कॅसिओ एका गलबतात, डेस्डिमोना इयागोबरोबर दुसऱ्या गलबतात, ऑथेल्लो तिसऱ्या. सायप्रसला उतरल्यावर दुसऱ्याच रात्री खून. मधे कॅसिओची मैत्रीण बियांका मात्र त्याला म्हणते की तू आठवडाभर फिरकला नाहीस. दोन घड्याळं चालू आहेत, आणि अभ्यासकांनी त्यावर पानंच्या पानं लिहिलीत. रंगमंचावर त्याचा अर्थ एकच: गाडी पळती ठेवायची. हा एक प्रवेश सुमारे ४८० ओळींचा आहे, नाटकातला सर्वांत लांब. त्याच्या सुरुवातीला ऑथेल्लो बायकोला म्हणतो, तुला मी काहीही नाकारणार नाही. शेवटी तो इयागोसोबत गुडघे टेकून शपथ घेतो, आणि इयागो म्हणतो, मी कायमचा तुमचा. नीट बघा, ते एक लग्नच लागतंय. पहिलं लग्न मोडून हे दुसरं.

शेक्सपिअरने मत्सर परत परत मांडला आणि प्रत्येक वेळी कळ वेगळी ठेवली. १६०० साली छापून आलेल्या ‘मच अडू अबाउट नथिंग’मध्ये क्लॉडिओला लग्नाच्या आदल्या रात्री त्याच्या नियोजित वधूच्या, हीरो नावाच्या मुलीच्या, खिडकीत भलतीच बाई दाखवतात. ती असते दासी मार्गारेट, आणि याला वाटतं हीरो. पण शेक्सपिअर तो देखावा आपल्याला दाखवतच नाही, नुसता सांगतो. त्यामुळे दुसऱ्या दिवशी भर चर्चमध्ये क्लॉडिओ तिची बेअब्रू करतो तेव्हा आपण पूर्णपणे तिच्या बाजूचे असतो. त्याच नाटकात बिअट्रिस आणि बेनेडिकला मित्रमैत्रिणी आडून ऐकवून, खोटं बोलून, एकमेकांच्या प्रेमात पाडतात. कपट तेच, आडून ऐकणंही तेच. एकाने संसार मोडायला आला, दुसऱ्याने जुळला. आणि ‘द विंटर्स टेल’मध्ये तर कान भरणारा कुणीच नाही. राजा लिऑन्टिस आपल्या गरोदर राणीला मित्राचा हात धरलेला पाहतो, आणि आपणच इयागो होतो, आपणच ऑथेल्लो. हे नाटक सायमन फोरमन नावाच्या ज्योतिष्याने १५ मे १६११ला लंडनच्या ग्लोब नाट्यगृहात पाहिल्याची नोंद त्याने स्वतः ठेवली आहे. ज्याला वाटतं की इयागो नसता तर काही झालं नसतं, त्याने लिऑन्टिसकडे बघावं.

मोबाईलबद्दल. आणू नका. मोबाईलवर मजकूर असतो, आणि मजकूर हा पुरावा असतो. रुमालावर कशिद्याची स्ट्रॉबेरी आहेत, त्यात लिहिलेलं काहीच नाही. तो ज्याच्या हातात असेल त्याची गोष्ट सांगतो. नाटकाचा सगळा जीव त्यात आहे.

आपल्या लोकांना हे नवीनही नाही. ‘संशयकल्लोळ’ इंदूरच्या मराठी घरांत कुणाला माहीत नाही? रेवतीला भर रस्त्यात घेरी येते, फाल्गुनराव सावरतो, त्याची बायको कृत्तिका ते बघते. रेवतीच्या हातून पडलेली तिच्या प्रियकराची, अश्विनशेठची, तसबीर कृत्तिकेला सापडते, ती न्याहाळताना फाल्गुनराव बघतो, आणि दोघंही संशयाने पेटतात. देवलांनी हे १९१६ साली आर्थर मर्फीच्या १७६१च्या इंग्रजी नाटकावरून घेतलं, आणि मर्फीने मोलिएरच्या १६६०च्या फ्रेंच नाटकावरून. पडलेली तसबीर, पडलेला रुमाल. ‘ऑथेल्लो’चं ‘झुंजारराव’ही देवलांचंच, १८९० सालचं. एकाच माणसाने संशयाचं हसूही लिहिलं आणि रक्तही. फरक कुठे पडतो? ‘संशयकल्लोळ’मध्ये संशय घेणारा तोंडाने बडबडत सुटतो, भांडतो, ओरडतो, सगळ्या गावाला सांगतो, म्हणून ते हास्यास्पद होतं आणि म्हणूनच निस्तरतं. ऑथेल्लो गप्प राहतो. कपाळ दुखतंय म्हणतो. तुमच्या मुलाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला तिथे दिसतं.

---

एमिलिया_वाचणारी (बडोदा)

सरांनी छान लिहिलंय. पण अर्धं उत्तर राहिलं, ते मी देते, कारण मी एमिलिया, म्हणजे इयागोची बायको आणि डेस्डिमोनाची सोबतीण, केली आहे आणि ते उत्तर तिच्याकडे आहे.

ऑथेल्लो विचारतो. चौथ्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात तो एमिलियाला बोलावून सरळ विचारतो: तू काही पाहिलं नाहीस? ती म्हणते, पाहिलं नाही, ऐकलं नाही, कधी शंकाही आली नाही. दोघं एकत्र असताना कुजबुजले? कधीच नाही. तुला बाहेर पाठवलं? कधीच नाही. ती तर म्हणते, मी माझा आत्मा पणाला लावून सांगते की ती शुद्ध आहे. यापेक्षा स्वच्छ साक्ष काय असते? आणि तिची पाठ वळताच तो म्हणतो, कुंटणीसुद्धा एवढं बोलेलच.

म्हणजे न विचारण्याचा प्रश्नच नाही. विचारून उपयोग होण्याची वेळ निघून गेली आहे. एकदा मनाने ठरवलं की बाईचं “नाही” हे तिच्या लबाडीचाच पुरावा ठरतं. मला वाटतं त्या कॉलेजातल्या मुलाला हा प्रवेश दिसायला हवा. तुमच्या संहितेत तो पूर्ण आहे का? बहुतेक ठिकाणी काटछाटीत तोच जातो, आणि मग लोक विचारतात की विचारलं का नाही.

आता एमिलियाचं. रुमाल तिने उचलला. नवऱ्याने शंभरदा मागितला होता, त्याला खूश करायला दिला. पुढच्याच प्रवेशात ऑथेल्लो डेस्डिमोनाकडे रुमाल मागतो. सांगतो, तो एका इजिप्शियन जादूगारणीने माझ्या आईला दिला होता, त्याच्या विणीत जादू आहे, तो हरवला तर नवऱ्याचं मन उडतं. मुलगी घाबरते. घाबरून म्हणते, हरवलेला नाही. नाटकभर डेस्डिमोना या एकाच जागी नवऱ्याशी खोटं बोलते, आणि ते भीतीपोटी. वर तोंडाला येईल ते बोलायचं म्हणून पुन्हा कॅसिओचाच विषय काढते. तो “रुमाल” म्हणतो, ती “कॅसिओ” म्हणते, पुन्हा रुमाल, पुन्हा कॅसिओ.

आणि हे सगळं होत असताना एमिलिया तिथे उभी आहे. तिला माहीत आहे रुमाल कुठे आहे. ती बोलत नाही.

मी ती जागा करताना माझ्या दिग्दर्शकांनी मला कोपऱ्यात उभं केलं होतं, प्रेक्षकांच्या अगदी जवळ, हातात धुतलेल्या कपड्यांची टोपली. त्यांनी सांगितलं, दोनदा तोंड उघड आणि दोनदा मीट, बाकी काही करू नकोस. तिसऱ्या रांगेतल्या एक बाई न राहवून “अगं सांग ना!” म्हणाल्या. ते ऐकून माझ्या अंगावर काटा आला. प्रेक्षकांचा प्रश्न “तो विचारत का नाही” वरून “ती सांगत का नाही” वर आला होता, आणि या प्रश्नाचं उत्तर सभागृहातल्या प्रत्येक बाईला आतून ठाऊक होतं. नवऱ्याविरुद्ध मालकिणीला सांगायचं? कशाच्या आधारावर? त्याच्या मनात काय आहे हेही तिला माहीत नाही.

डेस्डिमोनाला बावळट करू नका, ही माझी कळकळीची विनंती. ती बापाला न विचारता लग्न करून, भर सिनेटमध्ये उभी राहून आपलं म्हणणं मांडणारी मुलगी आहे. कॅसिओसाठी नवऱ्याच्या मागे लागते तेही भोळेपणाने नाही. आज रात्री जेवायला बोलव, नाहीतर उद्या, नाहीतर मंगळवारी सकाळी, दुपारी, रात्री, बुधवारी सकाळी, पण तीन दिवसांपलीकडे नाही. ती हक्काने बोलते, आणि आपल्याला हा हक्क आहे असं तिला वाटतं. ते ऐकायला इतकं गोड लागलं पाहिजे की लोकांना तिचं प्रेम दिसेल, आणि त्याच वेळी पोटात गोळा यावा.

सप्टेंबर १६१०मध्ये शेक्सपिअरच्या मंडळीने हे नाटक ऑक्सफर्डला केलं तेव्हा हेन्री जॅक्सन नावाच्या तिथल्या एकाने पत्रात लिहून ठेवलंय, की नवऱ्याने मारलेली डेस्डिमोना बिछान्यात पडलेली असताना नुसत्या चेहऱ्याने लोकांना हेलावून गेली. ती भूमिका तेव्हा मुलगाच करत होता. बोलायला एक शब्द नाही, आणि पत्रात आठवण राहिली ती तिची.

---

बँकेतला_ऑथेल्लो (इंदूर)

मीच तो, ज्याचा धीर सुटला असं ताईंनी लिहिलंय. सगळं दोनदा वाचलं. प्रवेश पुन्हा काढून बसलो आणि एक जागा सापडली, ती सांगतो. ती माझ्यापुरती असेल.

इयागो म्हणतो, आमच्या देशातल्या बायकांची चाल मला माहीत आहे. व्हेनिसमध्ये ज्या गोष्टी त्या नवऱ्याला दाखवत नाहीत त्या देवाला दाखवतात. म्हणजे काय, तर मी इथला, तू बाहेरचा, तुला काय कळणार. ऑथेल्लोकडे यावर उत्तर नाही, कारण तो खरंच बाहेरचा आहे. आणि लगेच इयागो दुसरा घाव घालतो: तिने बापाला फसवून तुमच्याशी लग्न केलं. हे तर तिच्या बापाने पहिल्या अंकातच सगळ्यांसमोर म्हटलं होतं, हिच्यावर नजर ठेव, बापाला फसवलं तशी तुलाही फसवेल. तेव्हा ऑथेल्लो म्हणाला होता, तिच्या निष्ठेवर माझा जीव गहाण. तेच वाक्य आता घरात, एकांतात, मित्राच्या तोंडून येतं. एकटा पडल्यावर तो म्हणतो, मी काळा आहे म्हणून असेल, मला शहरी माणसांसारखं गोड बोलता येत नाही म्हणून असेल, माझं वय उतरलं म्हणून असेल.

इथे मला माझी बदली आठवली. आमची कितवी पिढी इंदुरात, होळकरांच्या काळात आलेलं घराणं. पुण्याच्या शाखेत गेलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात कुणीतरी हसून म्हणालं, तुमची मराठी हिंदीच आहे हो. बोलणाऱ्याच्या मनात काही नव्हतं. पण त्यानंतर कितीतरी दिवस काउंटरवर दोघं हलक्या आवाजात बोलले की मला वाटायचं माझ्यावरच बोलताहेत. इथे परत आलो तर पुन्हा आपण मराठी लोक म्हणून वेगळे. ज्याने आयुष्यभर हे ऐकलेलं असतं, त्याला “तुला इथलं काय कळतं” एवढं म्हटलं की पुरे. पायाखालचं सगळं आधीपासून थोडं हलतच असतं.

ऑथेल्लोला बायकोवर शंका येते असं मी आजवर धरून चाललो होतो. आता वाटतं शंका स्वतःवर येते, आणि ती सहन होत नाही म्हणून बायकोवर टाकली जाते. हिच्यासारखीने माझ्यात काय पाहिलं? हा प्रश्न त्याला लग्नाच्या दिवसापासून असणार. इयागोने त्याला उत्तर दिलं: काही पाहिलं नाही. आणि ते उत्तर त्याला चटकन पटलं.

मला आता हा प्रवेश करता येईल. तोंडाला काळा रंग लावायचा नाही हे ताईंनी आधीच ठरवलंय, त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. मी माझी इंदूरची मराठी बोलीन, बाकीच्यांनी स्वच्छ पुणेरी बोलावी. चालेल का?

---

लष्करवाला (ग्वाल्हेर)

चालेल म्हणजे काय, दादा, फार जोरात चालेल! आणि इयागोने तुमच्याशी बोलताना मधूनच तुमच्या लकबीत बोलावं, अगदी जवळच्या माणसासारखं. इतरांशी मात्र पुणेरी. एका जागी करा, फार नको.

---

तालीम_रामबाग (इंदूर)

दादा, तुम्ही इथे लिहिलंत ते पाहून फार बरं वाटलं. भाषेचं उद्याच करून बघू. माझ्या मनात सायप्रसचे सगळे सैनिकही तुमच्यासारखंच बोलावेत असं येतंय, म्हणजे फौजेत तुम्ही घरचे आणि व्हेनिसच्या मंडळीत परके. बघू कसं लागतं.

बडोद्याच्या ताई, चौथ्या अंकातली ती साक्ष आमच्याकडे चार ओळींवर आली होती, पूर्ण परत घेते. टोपलीही घेते, तुमची परवानगी धरून. शेवटचं एक विचारते. चौथ्या अंकाच्या शेवटी डेस्डिमोना झोपायची तयारी करते, ते विलोचं गाणं म्हणते, आणि त्यावर एमिलियाचं मोठं भाषण आहे, की नवऱ्यांनी समजून असावं, बायकांनाही त्यांच्यासारख्याच जाणिवा असतात, त्यांनाही गोड-आंबट कळतं. कार्यकारिणी म्हणते वेळ वाढतोय, हे भाषण काढा, गाणं ठेवा. तुम्ही काय कराल?

---

एमिलिया_वाचणारी (बडोदा)

टोपली खुशाल घ्या. भाषण मात्र काढू नका, त्यासाठी भांडावं लागलं तरी भांडा. नाटकभर पुरुष बायकांबद्दल बोलत असतात: इयागो बोलतो, बाप बोलतो, कॅसिओ बियांकाबद्दल बोलतो. बाई नवऱ्यांबद्दल सलग बोलते ती या एकाच ठिकाणी, आणि ऐकणारी फक्त दुसरी बाई असते. शिवाय पाचव्या अंकात हीच एमिलिया सगळं फोडते: रुमाल मला सापडला, मीच माझ्या नवऱ्याला दिला. इयागो तलवार उपसतो, तरी ती थांबत नाही आणि त्याच्या हातून मरते. हे भाषण नसेल तर ते धैर्य आकाशातून पडल्यासारखं वाटेल. त्या रात्री, केस विंचरताना, ती पहिल्यांदा मनातलं मोठ्याने बोलते. त्यानंतर तिला गप्प राहता येणार नाही.

वेळ वाचवायचा असेल तर विदूषक काढा. तिसऱ्या अंकात तो दोनदा येतो आणि दोन्ही वेळा नाटक अडवतो. दुसऱ्या अंकातली दवंडी काढा. वादळाच्या वेळी किनाऱ्यावर उभे असलेले लोक फार वर्णनं करतात, ते निम्म्यावर आणा. एवढ्यात तुमची सात-आठ मिनिटं सहज सुटतील. आणि भाषणाच्या वेळी एमिलियाच्या हाताला काम द्या. पिना काढणं, केस सोडवणं, चादर घालणं. कार्यकारिणीला सांगा की वेळ चादर घालायला लागतो, भाषण त्यातच होतं.